साठ घोड्यांची मोटार

गॅरेजात उमर काढलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. चार जण चहाला बसले की एकातून दुसरा निघतो. माझे बहुतेक सिंधीपुऱ्यातल्या रामभाऊंच्या गॅरेजातले. मी तिथे मिस्त्री होतो. संस्थानं विलीन होत होती, आणि राजेलोकांच्या मोटारी आमच्याकडे विकायला यायच्या.

अशाच एका मोटारीबरोबर तिची छापील जाहिरात आली : साठ हॉर्सपॉवर! निंबोल्याचे केळीवाले दौलत पाटील आकड्यावरच भाळले. रामभाऊंनी खरं ते सांगितलं. कंपनी इंजिन बाहेर काढून, पंखा, डायनामो, सायलेन्सर उतरवून ताकद मोजते आणि तोच आकडा छापते. रस्त्यावर तेवढे घोडे मिळत नाहीत.

पाटील म्हणाले, "म्हणजे बैल गाडीला न जुंपताच पळवला."

तरी गाडी घेतलीच.

*

थोड्याच दिवसांत पाटील परत आले. साठ म्हणजे साठ पाहिजेत, सायलेन्सर काढा म्हणाले. मी काढला.

गाडी गल्लीत शिरली आणि धाडधाड आवाज सुरू झाला. ते दिवस रोज नव्या अफवेचे. गोळीबार समजून दुकानं पटापट बंद झाली, बायांनी लेकरं आत ओढली. आणि मी, स्वतःच्या हाताने सायलेन्सर काढलेला माणूस, गॅरेजचं दार आतून लावून बसलो होतो.

*

सायलेन्सर परत बसला. मग पाटलांनी इंजिनाचं पाणी थंड ठेवणारा पंखा काढायला लावला. रामभाऊ नको नको म्हणत होते, पण गिऱ्हाईक ऐकेना. शेवटी असीरगढच्या घाटात गाडी तपासायचं ठरलं. रामभाऊ चालवायला, शेजारी पाटील, मागे मी आणि पाटलीणबाई.

अर्ध्या चढावर पाणी उकळलं. वाफेने पुढची काच झाकली, इंजिन बंद पडलं, आणि गाडी मागे सरकू लागली. रामभाऊ ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले. पाटलांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी थांबेना. मागच्या काचेतून मला रस्ता दिसत होता. मग रस्ता संपला आणि नुसते झाडांचे शेंडे दिसायला लागले.

रामभाऊंनी स्टिअरिंग डोंगराकडे वळवलं. मागचं चाक दगडावर आदळलं आणि गाडी थांबली.

पाटील डोळे मिटून रामनाम घेत होते. पाटलीणबाईंनी पदर सारखा केला आणि रामभाऊंना हळूच विचारलं, "भाऊ, ब्रेकचे घोडे किती, ते नव्हतं का छापलं?"