खरोशाच्या डोंगरावर सरजाबाई

मुदखेडच्या रेल्वे लाइनीलगतच्या वस्तीत सरजाबाईचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. तिनं दारातून हाक मारली की नळावरच्या बायका माना वळवायच्या. नवरा नरसिंग रेल्वेत गँगमन, दिवसभर रुळांवर राबून आलेला; तो आपला गप्प भाकरी खायचा. बोलायचं काम घरात तिचंच. पण तिनं खरोशाच्या डोंगराचं नाव काढलं, की त्याला हटकून वाचा फुटायची. मिशीत हसत तो म्हणायचा, "झालं! निघाला हिचा बुद्ध!"

ती गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. तेव्हा दोघं निलंग्याकडच्या एका खेड्यात राहायची. विहिरींचे तळ उघडे पडले, रानात काडी उगवली नाही. नरसिंग काम शोधत मुदखेडकडं गेला आणि सरजाबाई तेरा वर्षांच्या लेकीला सासूच्या हवाली करून खरोशाजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आली. एके दिवशी दुपार कलंडत आली तरी पाण्याचा टँकर येईना. बाकीच्या बाया मुकादमाच्या तोंडाकडं बघत बसल्या. सरजाबाईला बसवेना. रिकामी घागर काखेत मारून ती समोरचा डोंगर चढायला लागली. वर जुन्या लेण्या आहेत, तिथं एखादं पाण्याचं टाकं असेल, असं तिनं ऐकलं होतं.

पाणी काही मिळालं नाही. डोळ्यांपुढं अंधारी आली तशी ती समोर दिसली त्या लेणीत शिरली आणि गार दगडाला पाठ टेकून बसली. नजर अंधाराला सरावली, तेव्हा पुढ्यात कुणीतरी बसलेलं दिसलं. दगडातलं. झिजलेलं, पण चेहरा शांत. छप्पन साली घरच्यांनी धम्म घेतला, तेव्हापासून भिंतीवर जी तसबीर होती, तिच्यातला तोच चेहरा. तिनं हात जोडले. मग तिथंच तिचा डोळा लागला. खाली टँकरचा भोंगा वाजला तशी दचकून उठली आणि घागर उचलून पळत सुटली. पुढं काम दुसऱ्या टप्प्यावर सरकलं, पाऊस झाला, नरसिंगला रेल्वेत नोकरी लागली आणि बिऱ्हाड मुदखेडला आलं. डोंगर मागंच राहिला.

"म्हंजे झोपलीच होतीस की तू," नरसिंग म्हणायचा. "पोट रिकामं, वरून तसलं ऊन. सपनात कायबी दिसतंय."

"अवो, आधी दिसला, मग झोप लागली!"

"सपनात आसंच वाटतंय."

ती भांडायची, पण दहा वर्षं हेच ऐकून तिच्याही मनात कुठंतरी पाल चुकचुकायला लागली होती. खरंच दिसला होता, की उन्हानं दाखवला?

ब्याऐंशी साली लातूरचा वेगळा जिल्हा झाला. लेक यशोधरा नर्स होती. तिची बदली लातूरला झाली. जावई शेषेराव तिथंच शाळेवर होता. दिवाळीच्या सुट्टीत सरजाबाई आणि नरसिंग लेकीकडं गेली. गावभर नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागलेल्या, रंग अजून ओला असल्यासारखा. ज्याच्या त्याच्या तोंडी 'आपला जिल्हा'. जेवताना यशोधरा सहज म्हणाली, "माय, हितनं निलंग्याची यष्टी खरोशावरूनच जाती. उद्या जायचं का?"

सरजाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. "उद्या? मंग आत्ता पीठ मळू दे की!"

रात्रीतच भाकऱ्या थापून झाल्या. शेंगाची चटणी, कांदे, पाण्याची बरणी. सकाळी एसटीत तिनं खिडकी धरली ती सोडली नाही. औसा मागं पडलं तशी ती जागच्या जागी उठबस करायला लागली. "ह्यो रस्ता बघ, यशे! ह्यात माझी खडी हाय!" कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसून सांगा, गाडी उलटंल." सगळी गाडी हसली, सरजाबाई सगळ्यांत मोठ्यानं.

खरोशाला उतरून चालू लागली, डोंगर समोर आला आणि ती एकदम थांबली. तिच्या आठवणीतला डोंगर भाजलेला, उघडाबोडका होता. हा हिरवागार होता. गवत कमरेला लागत होतं. वर तांबूस दगडात लेण्यांची काळी तोंडं एका ओळीत दिसत होती. नातीला खांद्यावर घेऊन शेषेराव मागून येत होता, नरसिंग काठी टेकत. सरजाबाई मात्र पदर खोचून केव्हाच पुढं गेली होती.

पहिल्या लेणीत शिरली. शंकर-पार्वती. दुसरीत महादेवाची पिंड. तिसरीत, चौथीत भिंतभर देव, राक्षस, युद्धं. पण तिचा तो कुठंच नाही. एका भिंतीसमोर नरसिंग थबकला आणि जोरात ओरडला, "सरजे! पळ, पळ, गावला!"

ती धापा टाकत धावली. भिंतीवर सिंहाच्या तोंडाचा नरसिंह होता.

"तुझा बुद्ध न्हाई गावला," नरसिंग मिशा पिळत म्हणाला, "पण माझ्या नावाचा मानूस गावला बघ!"

शेषेरावसुद्धा हसला. सरजाबाईही हसली, पण लगेच पाठ वळवून निघाली. ती बाहेर येऊन दगडावर बसली. यशोधरा जवळ आली. "माय, तू तवा कुनीकडून चढली व्हतीस?"

सरजाबाईनं खाली पाहिलं. रस्ता, त्याच्या कडेची बाभळ, मुकादमाचा तंबू होता ती उंचवट्याची जागा. एकाएकी ती उठली. "अगं, आपुन वाटंनं आलो! मला तवा कुठली आली वाट? मी सरळ त्या टोकाला चढले व्हते!" आणि गवत तुडवत ती डोंगराच्या पार दुसऱ्या टोकाकडं निघाली.

टोकाच्या लेणीत मिट्ट काळोख होता. आतून वटवाघळांचा वास येत होता. नरसिंगनं काडी ओढली, वाऱ्यानं विझली. शेजारीच सावलीत निलंग्याचं एक लिंगायत जोडपं महादेवाच्या लेण्या बघून शिदोरी सोडत बसलं होतं. गुरुबसप्पा नावाचे दुकानदार आणि त्यांची बायको शिवकांता. सरजाबाईनं विचारायच्या आत शिवकांतानं पिशवीतून बॅटरी काढून पुढं केली. "घ्या अक्का. आत पाय जपून टाका."

सरजाबाईनं बॅटरी लावली. उजेड जमिनीवरून सरकला, खांबावर चढला, मागच्या भिंतीवर गेला आणि तिथं थांबला.

तो बसला होता. झिजलेला, अंगावरचा दगड जागोजागी सुटलेला, पण चेहरा तोच.

"यशे," ती अगदी हळू म्हणाली. एवढा हळू आवाज तिच्या लेकीनं कधी ऐकला नव्हता. मग तिचा बांध फुटला. "यशे! हाय की गं! हाय! अवो, या की आत! बघा, सपान हाय का ह्ये? हात लावून बघा!"

तिचा आवाज लेणीत घुमून चारी बाजूंनी परत आला. वटवाघळं फडफडली, नात घाबरून रडायला लागली आणि मग आजीला नाचताना बघून हसायला लागली. हो, सरजाबाई खरंच नाचत होती, एका हातात बॅटरी धरून, आणि उजेड सगळ्या भिंतींवर उड्या मारत होता.

नरसिंग दारातच उभा होता. त्यानं टोपी काढली. मग आत येऊन तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि म्हणाला, "खरं बोलत व्हतीस तू. म्याच खामखा दहा वर्सं हसत राह्यलो."

"हसा की अजून," ती डोळे पुसत म्हणाली. "आज कोन अडवतंय तुमाला?"

यशोधरानं 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत त्रिसरण सुरू केलं, सगळ्यांनी तिच्यामागून म्हटलं. दगडानं त्यांचा आवाज दुप्पट करून परत दिला. आरडाओरडा ऐकून शिवकांता आत आली होती. तिनं विचारलं, "अक्का, ह्ये कोन म्हनायचे?"

झालं. सरजाबाईला तेवढंच पाहिजे होतं. खडी, टँकर, घागर, झोप, नवऱ्याचं हसणं, सगळं तिनं तिथंच सांगितलं. शिवकांता ऐकता ऐकता दाराकडं तोंड करून कानडीत ओरडली, "बर्री, बर्री!" म्हणजे या, या, आणि गुरुबसप्पा जेवण सोडून आले. त्यांच्यासाठी सरजाबाईनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग सगळे एकाच सावलीत जेवायला बसले. शिवकांतानं धपाटी पुढं केली, सरजाबाईनं शेंगाची चटणी वाढली. शिवकांतानं ती बोटानं चाटून बघितली आणि पुन्हा मागितली.

मुदखेडला परतल्यावर गंमत वेगळीच झाली. नरसिंग गँगमधल्या माणसांना खरोशाची गोष्ट सांगू लागला, आणि दर खेपेला त्याच्या गोष्टीत टोकाची लेणी त्यालाच आधी आठवायची. सरजाबाईनं एकदा दारामागून ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. तिनं त्याला अडवलं नाही.

पुढच्या वर्षी वस्तीतल्या बाया खरोशाला जायच्या हट्टाला पेटल्या. सरजाबाईनं टेंपो ठरवला. टेंपोच्या मागच्या भागात बाया, पोरं आणि डबे दाटीवाटीनं कोंबलेले. पहाटेच्या गार वाऱ्यात सगळ्यांची नाकं लाल. ती ड्रायव्हरच्या शेजारी बसली होती आणि त्याला नांदेडपासून सांगत होती, "हान जरा जोरात! डोंगर लई लांब हाय अजून!"