सटवाईचा कागद

सासूबाईंच्या डब्यात काल एक घडी घातलेला कागद सापडला. कोपऱ्याला हळदीचं बोट आणि मधोमध एका इंजेक्शनचं नाव.

वीस वर्षांपूर्वीची पाचवीची संध्याकाळ. वर्ध्याच्या दवाखान्यात माझी लेक काचेच्या पेटीत धापा टाकत होती. सासूबाई अल्लीपूरहून कोपऱ्याला हळदीचं बोट लावलेला कोरा कागद आणि पेन घेऊन आल्या होत्या. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून तो उशाशी ठेवायचा. मी चिडले. "इथे तिचा जीव चाललाय आणि तुम्ही नशीब काय घेऊन बसलात!"

तेवढ्यात सिस्टर धावत आली. "हे इंजेक्शन आत्ताच्या आत्ता आणा. नाव लिहून देते, कागद आहे का?"

सासूबाईंनी तोच कागद तिच्यापुढे धरला. "लिही माय, तूच लिही. काऊन थांबून राह्यली?" आणि लुगडं सावरत त्या स्वतःच मेडिकलकडे धावल्या.

लेक वाचली. त्या दिवशी सासूबाईंचा सटवाईवरचा विश्वास उडाला, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

काल कागद उलटून पाहिला. मागच्या कोपऱ्यालाही हळदीचं बोट होतं. इंजेक्शन आणून दिल्यावर त्यांनी तो पुन्हा सटवाईसाठी ठेवला होता, कोरी बाजू वर करून.