कॅसेटच्या शेवटची आठ मिनिटं

माझे कान कुणी तयार केले असं विचारलं तर मी सांगते, कॅसेटच्या शेवटच्या आठ मिनिटांनी. लोक हसतात. हसू देत. मला ना कुणी गुरू होता, ना मी कुठल्या क्लासला गेले. जे काही आलं ते त्या आठ मिनिटांतून आलं, आणि त्यांच्यावरून मी आधी भांडायला गेले होते.

आम्ही निजामाच्या जुन्या राजधानीत, अंबरपेठेत राहायचो. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, मूळचे नांदेडकडचे. त्यांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूत झालेली. त्यामुळे घरात बोलणं मराठीत, पण चिठ्ठी लिहायची वेळ आली की हात आपोआप उजवीकडून डावीकडे चालायचा. सुलतान बाजारात पुस्तकांच्या दुकानांना लागून एका चाचांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. भिंतभर तबकड्या. आपण चिठ्ठीवर अल्बमचं नाव लिहायचं, कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली घेऊन यायची. चिठ्ठी बाबांची, बसचे धक्के आईचे. बाबांच्या आवडीला पक्कं कुंपण होतं. नाट्यगीतं, अभंग, फार झालं तर एखादी गझल. बाकी सगळ्याला त्यांचा एकच शब्द, कालवा.

तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असते आणि कॅसेटची तीस. उरलेल्या पट्टीचं काय होतं हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही, कारण शेवटचं गाणं संपलं रे संपलं की आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत यायची, फॉरवर्डचं बटण दाबायची, पट्टी किर्रकिर्र करत टोकाला गेली की कॅसेट उलटी करून लावायची. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसलेले. त्यांना वाटायचं कॅसेट आपली आपणच उलटते.

आई गेली त्या वर्षी आमच्या गल्लीत केबल आली. घराघरांतून परदेशी चॅनेलांचा आवाज, आणि आमच्या घरात दोन माणसं गप्प. बाबा नुकतेच रिटायर झाले होते. दिवसाकाठी दोन वाक्यं बोलायचे. मी ऑफिसातून आले की "आलीस का?" आणि ताट ठेवलं की "बस." मला खरंच भीती वाटायला लागली होती. आई तर गेलीच, आता बाबाही माझ्या डोळ्यांदेखत हातचे चाललेत असं वाटायचं. मी ऑफिसातल्या भानगडी तिखटमीठ लावून सांगून पाहिल्या. एकदा मुद्दाम भाजी खारट केली, निदान ओरडतील म्हणून. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली आणि वर दोन तांबे पाणी प्याले.

मग एका संध्याकाळी त्यांनी स्वतःहून टेप लावला. जुनी, शंभरदा ऐकलेली नाट्यगीतांची कॅसेट. शेवटचं पद संपलं. फॉरवर्ड दाबायला कोणी उठलं नाही. पट्टी तशीच फिरत राहिली, जरा खरखर झाली आणि त्यातून एक ट्रम्पेट वाजायला लागला. एकटाच, हळू, कसलीच घाई नसल्यासारखा. मागे ड्रमवर ब्रश फिरत होता, सुपात तांदूळ पाखडल्यासारखा.

बाबांनी डोळे उघडले. "हा काय फाजीलपणा आहे? आपण मागितलं काय आणि यांनी भरलं काय? इतकी वर्षं त्या माणसावर विश्वास टाकला!"

मोजून तीन वाक्यं. मला इतका आनंद झाला की मी घाईघाईने आगीत तेल ओतलं. म्हटलं, "बरोबर आहे बाबा, फसवणूकच आहे ही. उद्या जाऊन चांगली खरडपट्टी काढते." त्यांनी तिथल्या तिथे उर्दूत तक्रार लिहिली. मला उर्दूचं एक अक्षर येत नाही, पण कागदाला भोकं पडतील इतका जोर होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात शिरले ती तोंडाचा पट्टा सोडूनच. चाचांनी शांतपणे चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, बाबांचं अक्षर ओळखलं आणि विचारलं, "बेटी, तुम्हारी वालिदा कैसे हैं? भौत दिनां हुए, आए नहीं."

आई गेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलं. ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "बेटी, वो शेवट का माल मैं नहीं डालता था. आपा बोलते थे. खाली नक्को छोडो भाई, कुछ बी डालो, जो हमारे घर में नहीं बजता वो डालो."

आईने? जिला आम्ही कधी धड गाताना पाहिलं नाही, तिने? चाचा सांगत गेले. पुढच्या खेपेला ती आली की ते विचारायचे, कैसा लगा? आणि ती आपल्या मोडक्या दखनीत एकेक गोष्टीवर मत द्यायची. त्या ट्रम्पेटबद्दल म्हणाली होती, हा माणूस रडतोय, पण कुणापाशी काही मागत नाही. दुपारी घरात कोणी नसताना ती ती आठ मिनिटं ऐकायची. संध्याकाळी बाबांना त्रास नको म्हणून फॉरवर्ड.

घरी येऊन मी बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता कायमचे गप्प होतील. पण ते म्हणाले, "मला का नाही सांगितलं तिने?" आणि मग स्वतःच म्हणाले, "सांगितलं असतं तरी मी कुठे ऐकणार होतो." त्यांचे डोळे भरले होते. मी उठून चहा टाकला.

त्या दिवसापासून आमचा नेम ठरला. रोज संध्याकाळी एक कॅसेट, दोन्ही बाजूंची शेपटं. कपाटात कॅसेटी होत्या चाळीसच्या वर, आणि प्रत्येकीच्या टोकाला आई बसलेली.

अभंगांच्या मागे कर्नाटकी व्हायोलिन निघालं. बाबा आधी म्हणाले, "हे मद्रासी रडगाणं." तिसऱ्यांदा ऐकताना त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल मोजायला लागली. "हिशोबाला पक्का आहे बुवा," एवढी पावती मिळाली. गझलांच्या मागे विलायती वाद्यवृंद होता, पन्नाससाठ वाद्यं एकदम. तो ऐकून बाबा म्हणाले, "इतकी माणसं एका वेळी काम करतात आणि फाइल कुठेच अडकत नाही. आमच्या कचेरीत हे जमलं असतं तर." मी हसले. कितीतरी महिन्यांनी त्या घरात मी हसले.

एका कॅसेटच्या शेवटी कव्वाली होती, पट्टी संपली म्हणून ऐन रंगात तुटलेली. ती ऐकताना मी ताडकन उठून बसले. ही चाल मला पाठ होती. आई पोळ्या लाटताना ओठ मिटून हेच म्हणायची आणि मी आजवर समजत होते की माहेरचं कुठलं तरी भजन आहे. मी चाचांकडून तो अख्खा अल्बम भरून आणला. तुटलेल्या ओळीच्या पुढे काय आहे ते कळलं. खरं सांगू, आईने पुढे जे जोडलं होतं ते मला जास्त आवडायचं.

असे मी एकेक करून सगळे अल्बम पूर्ण ऐकले. ट्रम्पेटवाल्याचा तर इतक्यांदा की पट्टी झिजली. एका गोऱ्या पोरांच्या बँडवर मात्र आईचं आणि माझं पटलं नाही. तिने चाचांना साफ सांगितलं होतं, ये नक्को, डोकं दुखतंय. मला तो बेहद्द आवडला. बाबांनी आईची बाजू घेतली आणि आम्ही त्यावरून आठवडाभर वाद घातला. बाबा तावातावाने बोलत होते आणि मी मनातल्या मनात त्या गोऱ्या पोरांचे पाय धरत होते.

पुढे आबिड्सकडे काचेची दुकानं आली. थंडगार हवा, कानाला लावायचे हेडफोन, चकचकीत सीडी. मीही घेतल्या, उगाच नावं ठेवणार नाही. आवाज लख्ख होता. पण सीडीत गाणं संपलं की संपतं. उरलेली जागा आपल्याला दिसत नाही, आणि ती कुणी आपल्यासाठी भरतही नाही.

चाचांच्या दुकानाची जागा कॉम्प्युटर क्लासला जाणार असं कळलं तेव्हा बाबांनी शेवटची चिठ्ठी लिहिली. या वेळी कागदाला भोकं नव्हती. मी ती नेऊन दिली. चाचांनी वाचली, चष्मा काढून पुसला आणि मला वाचून दाखवली. अल्बमच्या जागी बाबांनी अभंगाची एक छोटी तबकडी लिहिली होती, दोन्ही बाजूंना एकेकच गाणं असलेली. जेमतेम साडेतीन-साडेतीन मिनिटं. कॅसेट मात्र नव्वदची. आणि खाली गेलेल्या आईबद्दल एक ओळ, "बाक़ी सब मरहूमा की पसंद का. ख़ाली न छोड़िए."

आठ दिवसांनी कॅसेट मिळाली. दुकानातली शेवटची तबकडी हलवेपर्यंत चाचा ती भरत बसले होते, आणि माझ्याकडून काही घ्यायला तयार झाले नाहीत.

संध्याकाळी बाबांनी टेप लावला. अभंग सुरू झाला आणि बघता बघता संपला. बाबा उठले. इतक्या वर्षांत गाणं संपल्यावर ते खुर्चीतून कधी उठले नव्हते. मला वाटलं, फॉरवर्ड दाबतात की काय, म्हणून मी घाईने पुढे झाले. त्यांनी हाताने मला थांबवलं, आवाज थोडा वाढवला आणि खुर्ची टेपजवळ ओढून घेतली.

"बस गं," म्हणाले, "आता तुझ्या आईचं सुरू होईल."