धाकटीच्या पर्समधली पट्टी

माझी धाकटी जाऊ दिसायला साधी, पण हिचं नशीब बघितलं की माझ्या पोटात दुखतं. मी जन्मभर मशीनवर मान मोडून शिवत बसले, तरी लोकांना मी ‘शिवणवाल्या बाई’च. हिने परदेशातून तयार पर्स मागवल्या, वर स्वतःच्या नावाचं लेबल लावलं आणि दुकानाच्या काचेत मांडल्या. झालं! सासूबाई येईल-जाईल त्याला सांगू लागल्या, “आमच्या धाकटीचा ब्रँड आहे हो!”

आणि लेबलं शिवायला कोण? अर्थात मी.

“ताई, माझं नाव लावायला कारखान्याने लेखी परवानगी दिलीय,” ती म्हणाली. “त्यांचं लेबल उसवा, माझं लावा. आणि आत ती बारीक पट्टी आहे ना, कुठल्या देशात बनलीय ते सांगणारी, तीही काढून टाका. गिऱ्हाइकं उगीच विचारत बसतात.”

मी मान डोलावली. लेबल बदललं, पण पट्टीला हात लावला नाही. एखादी चौकस बाई आतला कप्पा उलटा करील आणि हिचं पितळ उघडं पडेल, एवढीच माझी आशा. धाकटी स्वतः कशाला तिथवर बघतेय? तिला आरशातून सवड कुठे!

परवा मी नवी खेप द्यायला दुकानात गेले आणि मागोमाग सरकारी तपासनीस आले. शेजारच्या दुकानातल्या छत्र्या, देशाची पट्टी काढली म्हणून, नुकत्याच जप्त झाल्या होत्या.

“नाव तुमचं चालेल,” ते म्हणाले, “पण माल कुठल्या देशातला ते लपवायचं नाही. ती गिऱ्हाइकाची फसवणूक. दाखवा.”

धाकटी पांढरीफटक पडली. दागिने मोडून तिने दुकान उभं केलं होतं. माल गेला की दुकान गेलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला गुदगुल्या झाल्या. मग आठवलं, पट्ट्या तर मीच ठेवल्यात!

त्यांनी एक पर्स उघडली, कप्पा उलटा केला. पट्टी जागच्या जागी. आणखी दोन-चार पाहिल्या.

“वा, काम चोख आहे तुमचं!”

ते गेल्यावर धाकटीने मला मिठीच मारली. “ताई, तुम्हाला कायदा ठाऊक होता! माझं ऐकलं नाहीत म्हणून वाचले मी.”

मी मिठीतून सुटून नव्या खेपेतल्या पर्स मोजायला घेतल्या.

संध्याकाळी सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, “साहेबांनी शाबासकी दिली आमच्या धाकटीला!”

“अहो आई, ते सगळं ताईंनी केलं,” धाकटी म्हणाली.

“बघा,” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “श्रेयसुद्धा दुसऱ्याला देते पोरगी!”

घ्या. आता मोठं मनही तिचंच.