कडूबानं बंद केलेला व्हॉल्व्ह

कडूबाबद्दल लिहा, असं त्याच्या बायकोनं, आवडाबाईंनी, बजावलं म्हणून लिहितोय. मला लिहायची सवय नाही आणि समुद्रातलं काम मी पाहिलेलंही नाही. त्यानं सांगितलं तेवढं मांडतो.

कडूबा मूळचा देवगाव रंगारीचा, राहायला औरंगाबादेत आमच्या गल्लीत. चितेगावच्या कारखान्यात फिटर होता. पुढं ठेकेदारामार्फत मुंबईपलीकडं समुद्रात, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर लागला. तिथं तेल वर ढकलायला विहिरींत समुद्राचंच पाणी दाबून भरतात. पाणी थांबलं की तेल घटतं.

एकदा साहेबांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "उत्पादन वाढलं पाहिजे. काही वाया जाऊ देऊ नका." कडूबानं ते मनावर घेतलं. पंपाजवळच्या एका पाइपातून पाणी सारखं परत समुद्रात पडत होतं. नळ आला की हंड्यांवरून भांडणारी माणसं आम्ही. त्याला ते बघवेना. त्यानं व्हॉल्व्ह फिरवून बंद केला.

पण ते पाणी वाया जात नव्हतं. विहिरी पाणी कमी घेतील तेव्हा पंप तापू नये म्हणून ती वाट ठेवली होती. नेमकी त्या दिवशी एक विहीर दुरुस्तीला बंद. पंप तापला आणि थांबला. पंपावर पाळी औरंगाबादच्याच शहागंजच्या वहाबची होती, साहेब त्याच्यावरच गरजले.

कडूबा पुढं झाला. "साहेब, मी बंद केला. पाणी वाया चाललं होतं."

वहाबनं कपाळ धरलं. "अरे कडूबा, तेरे कू दरिया का पानी भी कम पड रहा क्या?"

कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "घरी जा. परत बोलवायचं की नाही ते फोनवर कळवू."

गल्लीत तेव्हा फोन फक्त आमच्याकडं. कडूबा रोज सकाळीच ओट्यावर येऊन बसे. घंटी वाजली की ताडकन उभा राही. फोन आमच्या पाहुण्यांचा निघाला की खाली बसे. चहा तसाच निवून जाई. चितेगावची जागा केव्हाच भरली होती. आवडाबाई दारातून विचारायच्या, "आला का वो काका?" नाही म्हणताना मलाच अपराध्यासारखं वाटे.

"माझ्यापायी वहाबबी गेला आसंल का वो?" तो एकदा म्हणाला. मी त्याचा निवलेला चहा गरम करायला आत पाठवला.

अखेर फोन आला तो वहाबचाच. "चाचा, कडूबा कू बोलो, तयारी कर. उस व्हॉल्व्ह कू साब ताला डलवाए. चाबी कडूबाकेच पास रखते बोले. गलती करको खुद बोल्या, वो फिर नै भूलता बोले."

मी फोन कानाला धरूनच सांगितलं तसा कडूबा भिंतीला टेकला. "काका, पुन्हा इचारा ना. माझंच नाव घेतलं का?"

तो पंप पुढं तसा कधी थांबला नाही म्हणतात. कडूबा आता निवृत्त होऊन घरीच असतो. परवा अंगणातला नळ वाहत होता. आवडाबाई ओरडल्या, "आवो, बंद करा की!"

नळावर हात ठेवून तो वाकून बघत होता. "थांब जरा. कुठं जातंय ते बघू दे."