कुलपातलं वाचनालय

आमच्या घरकुलाच्या इमारतीत तळमजल्यावर सरकारनं वाचनालय काढलं आहे. वर आम्ही राहतो, खाली पुस्तकं राहतात. आज सकाळी डोकावले, तर तिसऱ्या मजल्यावरची सोनी बंद कपाटाच्या काचेला नाक लावून पुस्तकांची नावं वाचत होती. सगळी वाचून झाली की पुन्हा वरच्या फळीपासून सुरू करत होती.

"अहो, पोरीला एक पुस्तक तरी काढून द्या," मी तिथल्या साहेबांना म्हटलं.

"आजी, इथली मुलं हात न धुता येतात. पुस्तकं मळली तर तपासणीला मी काय दाखवू?"

"मग लग्नातला रुखवत मांडलाय म्हणा. वाचनालय कशाला म्हणता?"

साहेब नुसते हसले. सोनी मात्र नळाकडे धावली.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण गरिबाला द्यायचं आणि त्याच्या हाताला लागू द्यायचं नाही, ही या लोकांची खोड मला चांगली कळते. उद्घाटनाला आमच्याच पोरांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढले आणि फोटो झाल्यावर पुस्तकं काढून घेतली. घरं उचलून नेता येत नाहीत, म्हणून ती आमच्याकडे राहिली.

सोनी धावतच परत आली आणि तिनं दोन्ही तळवे साहेबांपुढे धरले. "धुतले, सर."

साहेबांनी ते नीट निरखून पाहिले.

"ओल्या हातांनी तर पुस्तकाला अजिबात शिवायचं नाही," ते म्हणाले.