पाडव्यापर्यंत बंद गाडी

चंद्रहास मुरलीधर पोतनीस (१९५६–२०२५) हे मूळचे पुण्याचे. आयर्लंडमधल्या ड्रोहेडाजवळच्या एका औषध कारखान्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात गंजत पडलेली १९६४ सालची मॉरिस मायनर मोटार त्यांनी घेतली आणि सात वर्षे खपून ती चालती केली.

आयर्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फावर उतारा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने जुना पत्रा गंजतो. म्हणून पोतनिसांनी नियम केला होता: दसऱ्याला पूजा करून गाडी बंद करायची, ती गुढीपाडव्यालाच बाहेर काढायची. टाकी काठोकाठ भरायची, चाके अधांतरी राहतील अशी गाडी ठोकळ्यांवर चढवायची, बॅटरी घरात आणायची आणि वर सुती आवरण घालायचे. या क्रमात कधी खंड पडला नाही.

२०२२च्या दसऱ्यानंतर त्यांच्या पत्नी सुमेधाताईंना कर्करोग असल्याचे निदान झाले. फेब्रुवारीतल्या एका रविवारी लख्ख ऊन पडले होते. त्यांचा जुना स्नेही म्हणून मी समाचाराला गेलो होतो. ताई खिडकीशी बसून म्हणाल्या, "अहो, आज क्लोगरहेडला समुद्रावर जाऊ या ना. आपल्या मॉरिसमधून."

"रस्त्यावर मीठ आहे. पाडव्याला नेतो. पाच आठवडे तर राहिले."

"जन्मभर माझ्या आमटीतल्या मिठाला नावं ठेवलीत, आता रस्त्यावरच्या मिठालाही ठेवा!"

आम्ही तिघेही हसलो. मग त्या हळूच म्हणाल्या, "दुसऱ्या गाडीनं नको हं. पाडव्यालाच जाऊ."

पाडवा बावीस मार्चला होता. ताई तेरा मार्चला गेल्या.

पाडव्याच्या सकाळी पोतनिसांनी गाडी ठोकळ्यांवरून उतरवली, बॅटरी जोडली. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झाले. शेजारचे आसन त्यांनी फडक्याने पुसले आणि तसेच उभे राहिले. "एक दिवस मीठ लागलं असतं तर मी धुऊन काढलं असतं, हो," एवढेच मला म्हणाले. इंजिन बंद करून त्यांनी पुन्हा आवरण घातले. त्यानंतरची दोन वर्षे, अखेरपर्यंत, ते क्लोगरहेडच्या रस्त्याला गेले नाहीत.

त्यांच्या पश्चात ट्रलीला डॉक्टर असलेल्या मुलीने, गिरिजाने, मॉरिस शेजारच्या निवृत्त मेकॅनिककडे, डेक्लन यांच्याकडे सोपवली. कागदपत्रे रीतसर झाली. सुमेधाताईंना दिलेला शब्द तेवढा पुरा व्हायचा राहिला. तो आता कोणाच्याच हाती नाही.